फोटोतली मेढ

माझ्या पदाचं नाव अलीकडे बदलून भारदस्त झालं, पण चाकणच्या आजूबाजूच्या गावांत मी अजून ‘शेतीच्या मॅडम’च आहे. सरकारी अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात पडेपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. त्यातल्या उन्हातल्या पायऱ्या माझ्या. कागद गोळा करायचे, शेतावर जायचं, माप घ्यायचं, फोटो काढायचा, पोर्टलवर चढवायचा आणि सर्व्हर बंद पडला की शेतकऱ्याची बोलणी खायची. पैसे मी देत नाही. अडले तर मात्र ते मीच अडवलेले असतात.

राहायला मी आकुर्डीला. सकाळी स्कूटर काढायची, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत चाकण गाठायचं आणि तिथून गावांत शिरायचं. आमच्या भागात शेतकरी कोण, हे ठरवणंच अवघड. एका गृहस्थांची जमीन कंपनीत गेली, पैसे आले, दारात पांढरी मोठी गाडी आली. तरी शेतकऱ्यांचा हप्ता थांबला म्हणून ते त्याच गाडीतून माझ्याकडे तक्रार घेऊन आले. गाडी सावलीत लावायला जागा नव्हती, त्याचीही तक्रार होती. मारुंजीकडच्या एका संगणक अभियंत्याला अनुदान नकोच होतं. त्याला शेतकरी असल्याचा पुरावा हवा होता, कारण त्याशिवाय त्याला शेतजमीन घेता येईना. ‘मॅडम, मी गॅलरीत मेथी लावतो,’ हे त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं.

आणि कांदाचाळी. चाळ म्हणजे कांदा साठवायची उंच, हवेशीर शेड. चाकणच्या बाजारात कांद्याची आवक मोठी. कांदा निघाला की सगळ्यांचा एकदम निघतो आणि भाव बसतो. चाळ असेल तर माणूस थांबू शकतो, नसेल तर मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. म्हणून चाळीला अनुदान आहे. पण आमच्याकडे खोल्यांना भाडं कांद्यापेक्षा बरं मिळतं. अनुदानाच्या चाळीला पत्रे ठोकून आत परगावचे कामगार ठेवलेले मी पाहिले आहेत. जिथे कांदा असायला हवा तिथे दोरीवर कंपनीचे निळे शर्ट वाळत होते. काही जण तर जुनीच चाळ रंगवून नवी म्हणून दाखवायचे. त्यामुळे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

तर नियम असा. अर्ज करायचा. सोडतीत नाव निघालं की मोबाईलवर निवड झाल्याचा मेसेज येतो. त्यानंतर मी जागेवर जाऊन मोकळ्या जमिनीचे फोटो काढते; फोटोवर ती जागा कुठली आहे तेही आपोआप उमटतं. मग वरून पूर्वसंमतीचं पत्र येतं. काम त्यानंतरच सुरू करायचं. आधी सुरू केलं तर अर्ज बाद. निवड म्हणजे मंजुरी नव्हे, हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आमचे हे म्हणतात, तू झोपेतही बोलतेस.

या नियमापायी मी एक माणूस घालवला आहे. जरबेराचं पॉलिहाऊस करणारा हुशार शेतकरी. पत्र हातात पडायच्या आधी त्याने खांब उभे केले, कारण ठेकेदाराची माणसं रिकामी होती. मी खरं ते लिहिलं. अर्ज बाद झाला. आज त्या जागेवर गोदाम आहे. तो भेटला की हसून नमस्कार करतो. त्याने तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

हे मनात ठेवूनच मी त्या दिवशी पारूआजींच्या शेतावर गेले होते.

पारूआजींच्या नावावरच सात-बारा, त्यामुळे अर्जदार त्याच. वय ऐंशीच्या घरात, नऊवारी, कमरेत ताठ. मुलगा निवृत्ती शेती बघायचा. नात स्नेहल गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होती. त्यांच्या शेताच्या पूर्वेला एक गोदाम उठलं होतं, पत्र्याची लांबच लांब भिंत. पश्चिमेला रस्ता. मधलं हे शेत एका पार्किंगवाल्याला कंटेनर लावायला भाड्याने हवं होतं. दर महिन्याला ठरलेले पैसे, ना पाऊस ना भाव. निवृत्तीभाऊ अर्धे तिकडे झुकलेले होते. आजींचं म्हणणं एकच होतं: चाळ झाली तर शेत राहील.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. मी स्कूटर बांधाला लावली, मोबाईल काढला, आणि शेताच्या मधोमध मला ती दिसली. मेढ. कामाच्या मुहूर्ताला पुरतात तशी उंबराची सरळ फांदी, वरच्या टोकाला आंब्याची पानं, लाल फडक्यात बांधलेली सुपारी-हळकुंड, खाली हळद-कुंकू.

“हे काय आहे, निवृत्तीभाऊ?”

“मेढ हाय, मॅडम. दसऱ्याला पुरली. साडेतीन मुहूर्तातला दिस, सोडायचा कशाला?”

“अहो, पत्र कुठं आलंय?”

“आलं की! मोबाईलवर. निवड झाली म्हणून.” त्यांनी मला मेसेज दाखवला.

मी म्हणाले, ही आत्ता काढा, मी फोटो काढते, पत्र आलं की परत पुरा. एवढं सोपं. तेवढ्यात मागून आजी आल्या.

“काढायची न्हाई.”

“आजी, अहो...”

“काम उभं राहीस्तवर मेढ हलवायची नसती. माझ्या थोरल्या दिरानं हलवली हुती, घर बांधताना. गाडी जाईना म्हणून. ते घर अजून कोर्टात हाय.”

“आई, कोर्टात ते वाटणीपायी हाय,” निवृत्तीभाऊ म्हणाले.

“वाटणी कशापायी झाली?” आजींनी विचारलं.

मी दुसरा मार्ग काढला. चाळ गोदामाच्या भिंतीकडे सरकवू. मेढ इथेच राहील, फोटो तिथला काढू. आजी मला हाताला धरून भिंतीशी घेऊन गेल्या. “उभी ऱ्हा,” म्हणाल्या. मी उभी राहिले. पानही हलत नव्हतं आणि पत्र्याची धग अंगावर येत होती. मग मला मेढीपाशी नेलं. तिथे पदर उडत होता. कांद्याला खालून-वरून वारा लागतो, नाहीतर चाळीत तो घामेजतो आणि नासतो. हे मी शेतकरी मेळाव्यात माईक धरून सांगते. तेव्हा वाद घालायची सोय नव्हती. त्या शेतात चाळीला जागा तेवढीच होती.

मग निवृत्तीभाऊंनी हळूच तिसरा मार्ग सांगितला. “मॅडम, मोबाईल जरा डावीकडं धरा की.”

बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल. मला नाही. फोटो चारी बाजूंनी काढावे लागतात. मेढ एकात लपेल, चारांत कशी लपणार? आणि पुढे लेखापरीक्षणात कुणी बोट ठेवलं तर वसुली शेतकऱ्याकडून आणि चौकशी माझी. आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याची अशी चौकशी चालू होती. तो माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा.

मी फोटो काढले नाहीत. कार्यालयात येऊन साहेबांना एवढंच सांगितलं की जागेवर एक मेढ पुरलेली आहे, म्हणून फोटो काढले नाहीत. साहेब नवीन बदलून आलेले, लातूरकडचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, “मी स्वतः येतो जागेवर. तोवर तिथं एक वीटसुद्धा पडू देऊ नका.” हे आश्वासन आहे की धमकी, मला कळेना.

साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी निवृत्तीभाऊंचा फोन आला. “मॅडम, तोड निघाली. आपण सांगायचं, मेढ चाळीची न्हाईच. स्नेहलच्या लग्नाची हाय.”

“तिचं लग्न ठरलंय?”

“ठरंल की कवातरी.”

“निवृत्तीभाऊ, असलं काही करू नका.”

“तुमी काय बोलू नका. फक्त गप ऱ्हावा. तेवढं तर करा.”

फोनमागून स्नेहलचा आवाज येत होता. “पप्पा, साहेब पत्रिका मागतील! मग काय, नवरा सोडतीत काढणार का?” मी हसले नाही. साहेब मलाच विचारणार होते, आणि मला गप्प राहता येणार नव्हतं. बोलले तर त्या घराचा विश्वास जाणार, नाही बोलले तर माझी सही खोटी. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. आमचे हे मुकाट्याने जेवले. फक्त पाणी जास्त प्यायले.

सकाळी साहेबांची जीप चाकणच्या चौकात अडकली, त्यामुळे यायला उशीर झाला. तो वेळ मी त्या मेढीसमोर उभी होते. बांधावर पार्किंगवाला येऊन थांबलेला, हातात मोजायचा टेप. “होऊ द्या तुमचं, मॅडम,” तो अदबीने म्हणाला. “आपल्याला घाई न्हाई.” त्याची अदब मला कुणाच्या शिव्यांपेक्षा जास्त टोचली. स्नेहल पहिल्या शिफ्टला न जाता घरी थांबली होती.

साहेब आले. चहाला नको म्हणाले. थेट मेढीपाशी गेले.

“हे कशाचं आहे?”

“साहेब, ती पोरीच्या लग्नाची,” निवृत्तीभाऊंनी सुरुवात केली.

“कधी आहे लग्न?”

“बघतोय आजून.”

“स्थळ बघताय आणि मेढ पुरलीय?” साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम?”

मी तोंड उघडणार तोच आजी पुढे आल्या.

“निवृत्ती, गप. तिच्याकडं काय बघता साहेब, अर्ज माझा हाय. मेढ चाळीची हाय. मीच पुरली, दसऱ्याला.”

निवृत्तीभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बांधावरचा टेपवाला एक पाऊल पुढे आला.

साहेब म्हणाले, “आजी, मग काम सुरू झालं म्हणायचं. नियमात बसत नाही.”

“तुमचं लगीन झालंय का?”

“झालंय.”

“मांडवाची मेढ कवा पुरली हुती?”

“असेल... तीन-चार दिवस आधी.”

“मेढ पुरली त्याच दिशी बायकू नांदाया आली का?”

जीपचा ड्रायव्हर हसला. मग तोंड फिरवून खोकला.

“मेढ म्हंजी आमी देवाला सांगितलं, काम करणार हाय,” आजी म्हणाल्या. “तुमचं पत्र आल्याबिगर काम न्हाई. एक खड्डा दावा दुसरा. एक वीट दावा. देवाला आधी सांगितलं म्हणून सरकारला राग येतो का?”

साहेबांनी अख्ख्या शेताला फेरी मारली. वाळू नाही, पाइप नाही, पायाची खणती नाही. ढेकळं तेवढी. परत येऊन मला विचारलं, “तुमचं मत काय, मॅडम? स्पष्ट सांगा.”

“काम सुरू नाही, सर. एक मेढ आहे, पूजेची आहे. पण फोटोत ती दिसणार, आणि वरून विचारणा होणार.”

“होऊ द्या. लपवली तर चोरी, दाखवली तर खुलासा. पंचनामा लिहा.”

तो पंचनामा माझ्या नोकरीतला सगळ्यात चमत्कारिक. मेढीची उंची, जाडी, लाकूड उंबराचं, वर आंब्याचा टहाळा, बांधाकडून अंतर, ‘सदर मेढ विधीपुरती असून बांधकामास सुरुवात झालेली नाही.’ पंच म्हणून गावातल्या दोघांच्या सह्या. मग चारी बाजूंनी फोटो. नियमाप्रमाणे फोटोत अर्जदार हवा, म्हणून आजी मेढीला हात लावून उभ्या राहिल्या, लग्नाच्या मांडवात वरमाई उभी राहते तशा.

खरी धाकधूक इथून पुढे. प्रस्ताव वर गेला. दिवाळी झाली. अपेक्षेप्रमाणे विचारणा आली: फोटोत खांब दिसतो, खुलासा करावा. खुलासा पाठवला, सोबत पंचनामा. मग शांतता. रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून मी पोर्टल उघडायची. ‘प्रलंबित’. तो शब्द इतका पाहिला की त्याचा अर्थच लागेना झाला. शेतात कांद्याची लागण झाली, चाळीपुरती जागा मोकळी ठेवून. मेढीवरची पानं वाळून गळाली. पार्किंगवाल्याने रस्त्याकडच्या कडेला पांढऱ्या फक्कीची रेघ ओढून ठेवली, नुसता अंदाज म्हणून. निवृत्तीभाऊ मला फोन करेनासे झाले, तेव्हा मी जास्त घाबरले. फोन करणारा शेतकरी अजून आशेवर असतो.

एकदा मीच गेले. निवृत्तीभाऊ बांधावर बसलेले.

“मॅडम, पार्किंगवाल्यानं महिनाअखेरची मुदत दिलीय. पोरीचा पगार हाय म्हणून घर चालतंय. मी किती दिस आईचं ऐकू?”

मी त्यांना थांबा म्हणाले नाही. माझ्या हातात काही नसताना दुसऱ्याला थांबवायचा मला अधिकार नव्हता. एवढंच म्हणाले, “आज मी पुन्हा साहेबांना विचारते.” साहेबांनी माझ्यासमोरच वर फोन लावला. पलीकडच्याला पटवता पटवता ते शेवटी म्हणाले, “अहो सर, तुमच्या लग्नात मेढ कधी पुरली होती?” साहेबांनी आजींचं वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मुदत संपायच्या आत पूर्वसंमती आली. मी फोन केला तर स्नेहलने उचलला. “आली? नक्की? स्क्रीनशॉट पाठवा मॅडम, पप्पांचा विश्वास बसणार नाही.” क्वालिटीतली मुलगी. तिने तो स्क्रीनशॉट स्वतः तपासला आणि मगच बापाला दाखवला. फक्कीची रेघ निवृत्तीभाऊंनी दुसऱ्या दिवशी नांगरली.

चाळ उभी राहिली. मापात, हवेशीर, मेढ कांद्याच्या दोन कप्प्यांमधल्या बोळात तशीच. उन्हाळ्यात कांदा भरला. मी अंतिम तपासणीला गेले, फोटो काढले, अनुदानाची शिफारस केली. पावसाळ्यात पैसे आजींच्या खात्यात पडले. इथे ही गोष्ट संपायला हवी होती, आणि इतर कुठल्याही खात्यात ती संपली असती.

पैसे आल्यावर आजींनी मला मुद्दाम बोलावलं. गेले तर ताटात नारळ, हळद-कुंकू, गूळ. निवृत्तीभाऊंच्या हातात पहार. “काम झालं,” आजी म्हणाल्या. “आता मेढ उचलायची. तुमी बी नमस्कार करा.”

पहार जमिनीला टेकली आणि मी ओरडले. “थांबा! हात लावू नका!”

सगळे दचकले.

“आजी, ती फोटोत आहे. पंचनाम्यात आहे. खुलाशात आहे. उद्या लेखापरीक्षणाचे लोक आले आणि विचारलं, पंचनाम्यातली मेढ कुठाय, तर मी काय दाखवू?”

“आगं, पण काम झालं की मेढ काढायची असती.”

“तुमचं काम झालं. आमचं नाही झालं.”

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आमच्यापरीस तुमचं सोवळं कडक हाय गं बया!” त्यांनी नारळ मेढीपुढे फोडला, मेढीला पुन्हा कुंकू लावलं आणि पहार परत घरात गेली.

लेखापरीक्षण अजून झालेलं नाही. कधी होईल ते कुणी सांगत नाही. मध्यंतरी मेढीला वाळवी लागली असं कळलं तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी गेले. स्नेहलने कुठूनतरी जळकं ऑइल आणून बुंध्याला लावलं होतं. कांद्याची पाटी घेऊन बोळातून जाताना प्रत्येकाला ती आडवी येते, प्रत्येक जण तिला वळसा घालतो आणि प्रत्येक जण माझं नाव काढतो, असं निवृत्तीभाऊ सांगतात.

त्या बाजूला काम असो नसो, येता-जाता माझी स्कूटर तिथे आपोआप हळू होते. रस्त्यावरून चाळीच्या फटीतून मेढीचं टोक दिसतं. मी मान वाकडी करून बघत असते, मागे कंटेनरवाले हॉर्न वाजवत असतात, आणि ओट्यावर बसलेल्या आजी तिथूनच हात करतात.

“हाय गं बया, हाय! जा तू!”